एका उंबरठ्याचे देणे

सातगोंडा चौगुले मिरजेच्या गुरांच्या बाजारात बैलांची दलाली करीत. उपरण्याखाली हात घालून, बोटे दाबून भाव ठरे. आणि दुसऱ्या दलालाच्या उपरण्याखाली काय चालले आहे याकडे त्यांनी हयातीत कधी मान वळवली नाही. त्यांचे चिरंजीव बाळगोंडा सांगलीच्या पेठेत हळदीचे अडते झाले. दुसऱ्याचे गिऱ्हाईक राशीपुढे उभे असता त्या राशीत बोट घालायचे नाही, हा त्यांचा शिरस्ता. बाळगोंडांचे चिरंजीव जिनदत्त यांनी हळद सोडली आणि घरे दाखवायला घेतली. आत दुसरा एजंट घर दाखवत असेल तर उंबऱ्याबाहेर थांबून खाकरायचे, आतून 'या' आल्याखेरीज पाऊल उचलायचे नाही, ही रीत त्यांनी साऱ्या सांगलीच्या एजंटांना लावली. दलाल म्हटले की नाक मुरडणारी माणसे पुष्कळ असतात. त्यांना हे ठाऊक नसते की या धंद्यात जिभेइतकीच पाठ कामाला येते, आणि ती वेळेवर फिरवता यावी लागते.

जिनदत्तांची लेक पद्मजा आता पन्नाशी ओलांडून गेली होती आणि वडिलांच्या मागे एजंट मंडळाची अध्यक्ष होती. एप्रिलातल्या एका सकाळी ती नव्या वसाहतीतल्या एका इमारतीच्या बाराव्या मजल्यावर लिफ्टमधून उतरली, तेव्हा खालच्या रस्त्यावरून लग्नाची वरात चालली होती. डॉल्बीच्या दणक्याने लिफ्टची पोलादी दारेसुद्धा थरथरत होती.

आपली वेळ सुरू झाली की जे घर ती पाहून ठेवणार होती त्याचे दार उघडेच होते. उंबऱ्यात जुने एजंट कुबेर मगदूम उभे होते. वय सत्तरीच्या पुढे, धोतर कडक इस्त्रीचे, आणि आवाज अजून पेठेतला.

"ये पद्मजा. वेळेच्या आधी आलीस म्हणजे जिनदत्ताचीच लेक."

"तुमचं चालू द्या, काका. मी बाहेर उभी आहे."

"परकं कोण हाय आत? आमची त्रिशला आणि जावईबापू. म्हटलं, सगळ्या गावाला घरं दाखवली, एक लेकीला पण दाखवावं."

मगदुमांची उशिरा झालेली एकुलती लेक त्रिशला भिंतीला टेकून उभी होती. तिला पद्मजाने अंगाखांद्यावर खेळवले होते. एवढ्या उन्हाळ्यात तिने मनगटापर्यंत बाह्यांचा कुडता घातला होता. तिचा नवरा श्रेणिक भिंतीवर टिचक्या मारून पाहत होता.

"म्हणजे ही भिंत आवाज अडवते?" त्याने विचारले.

"अडवत न्हाई, जावईबापू. जिरवते." मगदूम खुलले. आवाज जिरवणाऱ्या या मौनघराची ओळख करून देण्यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. "भिंतीच्या पोटात कागदापेक्षा पातळ पडदा हाय. आवाजाची लाट आली की पडदा ती मोजतो आणि तिच्याच मापाची उलटी लाट सोडतो. तिथं चढ असेल तर हिथं उतार. दोन्ही एकमेकींत जिरतात, मागं काही उरत न्हाई. आता बघा हं."

त्यांनी सर्वांना आत घेतले आणि दार लावले. पद्मजा बाहेरच राहिली. त्यांचे बोलणे मध्येच नाहीसे झाले. दाराच्या चौकटीवर बसवलेली बोटभर रुंदीची काचेची पट्टी तेवढी हिरवी लुकलुकली, आणि पद्मजाने सवयीने तिच्याकडे पाठ केली.

त्या पट्टीला मापपट्टी म्हणत. भिंतीने आतला किती आवाज जिरवला एवढेच ती दाखवी. तो आवाज कसला होता, हे तिला ठाऊक नसे. आधी ती केवळ दुरुस्तीवाल्यांच्या सोयीसाठी होती. पण मौनघरे झाली आणि एजंटांची मती फिरली. बाहेर उभा असलेला एजंट दुसऱ्याच्या दाराची पट्टी वाचून आत गिऱ्हाईक खुश आहे की बिथरले आहे ते ओळखू लागला, आणि जिन्यातच त्याला गाठून आपले घर गळ्यात मारू लागला. मौनघराबाहेर खाकरूनही उपयोग नव्हता. आत ऐकणार कोण? जिनदत्तांनी मरणापूर्वी मंडळाकडून शेवटचा नियम करून घेतला तो हाच: दुसऱ्याच्या दाराच्या पट्टीकडे पाठ करून उभे राहावे, आणि आपली वेळ सुरू झाली तरी आधीच्या एजंटाने दार उघडून 'या' म्हटल्याखेरीज आत जाऊ नये. मोडेल त्याची वेळकिल्ली वर्षभर गोठेल. वेळकिल्ली म्हणजे मंडळाने दिलेली नाण्याएवढी चकती. ज्याची वेळ असेल त्याच्याच हातात तिच्याने दार उघडते. ती गोठली की एजंट संपला.

पद्मजाने हा नियम पोलादासारखा पाळून घेतला होता. गेल्याच महिन्यात यास्मिन मुल्ला नावाच्या, वीस वर्षे सचोटीने धंदा केलेल्या बाईने दुसऱ्याच्या दाराची पट्टी वाचल्याचे स्वतः कबूल केले होते. "अध्यक्ष, मी काय बघितलं ते तरी ऐका," ती म्हणाली होती. "ते ऐकणं म्हणजे मीही ती पट्टी वाचल्यासारखं होईल," असे म्हणून पद्मजाने तिची चकती टेबलावर ठेवून घेतली होती. सभेने त्या उत्तराला मान डोलावली होती.

दार उघडले. मगदूम पाण्याची टाकी दाखवायला जावयाला गच्चीच्या जिन्याकडे घेऊन गेले. त्रिशला मागे राहिली. ती पद्मजाजवळ आली, आणि वरातीच्या गोंगाटात जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "आक्का, आतलं बाहेर खरंच काही ऐकू येत नाही?"

गिऱ्हाइके हा प्रश्न रोज विचारतात. पद्मजाने तिच्या गालाला हात लावला. "हे तू अप्पांना विचारायचं, बाळ. दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाला घराबद्दल आम्ही उत्तर देत नाही. रीत नाही ती."

त्रिशलाने मान हलवली. आणखी काही विचारण्यासाठी तिचे ओठ विलग झाले होते. पण जिन्यात पावले वाजली आणि ते मिटले.

"आता असं करा," मगदूम धापा टाकत म्हणाले, "तुम्ही दोघं आत बसा. दार लावून घ्या. तिसरं माणूस असलं की शांततेचा अंदाज येत न्हाई. बोला, भांडा, गाणी म्हणा. मी हाय बाहेर."

"भांडायचं कशाला, मामा?" श्रेणिक हसला. त्याने त्रिशलाच्या दंडाला धरले, तिला पुढे घातले आणि दार ओढून घेतले.

दोघे एजंट लिफ्टसमोर, दाराकडे पाठ करून उभे राहिले. पद्मजाला थोडे नवल वाटले. स्वतःच्या गिऱ्हाइकाची पट्टी वाचायला मगदुमांना पूर्ण मुभा होती. केव्हा भाव काढायचा हे प्रत्येक एजंट त्यावरूनच ठरवी.

"तुम्ही का पाठ केलीत, काका? दार तुमचंच आहे."

"नवरा-बायकोचं बोलणं सासऱ्यानं मोजावं व्हय?" मगदूम म्हणाले. "एकदा लेक दिली की तिच्या दाराकडं पाठ करायची. ही तर तुमच्या मंडळाहून जुनी रीत."

"घर आवडलेलं दिसतंय जावयांना."

"लई. चार घरं दाखवली, सगळी मोठी, हवेशीर. गडी म्हणतो, न्हाई, मौनघरच पाहिजे. आधीच्या भाड्याच्या घरात शेजारी फार चौकस होते म्हणं. सारखं दार वाजवायचे." मगदूम हसले. "काय एकेक माणसं असतात."

पद्मजा हसली नाही. तिची नजर समोर होती. समोर लिफ्टचे पोलादी दार होते, आरशासारखे घासलेले, आणि त्यात तिच्या खांद्यावरून मागची चौकट दिसत होती. तिने डोळे खाली घातले. पण त्याआधी जे दिसायचे ते दिसून गेले होते. पट्टी तांबडी झाली होती.

वरात वळणावर पोचली. दणका थोडा ओसरला. पद्मजाच्या तळहातातल्या चकतीने हलकेच थरथरून तिची वेळ सुरू झाल्याचे सांगितले. तिने डोळे वर केले.

इतक्या वर्षांत तिने आपल्या गिऱ्हाइकांच्या शेकडो पट्ट्या वाचल्या होत्या. बोलणे हिरवे लुकलुकते. हसणे पिवळ्या लाटांनी येते आणि ओसरते. भांडणात दोन आवाज असतात. एक चढला की दुसरा त्याच्यावर चढतो, आणि पट्टीला विझायला सवड मिळत नाही. ही पट्टी एकदम तांबडी होई आणि मग काळी पडे. पुन्हा तांबडी, पुन्हा काळी. आत एकच माणूस ओरडत होते, आणि त्याला कुणी उत्तर देत नव्हते.

"काका," ती म्हणाली, "जरा मागं बघा."

"कशाला?"

"बघा तर."

"जावईबापू चाचणी घेत असतील. टाळ्या मारतात लोक, भांडी आपटतात."

"टाळी मारली की पट्टी लगेच विझते. ही तांबडी होऊन टिकतेय."

मगदुमांचा चेहरा कठीण झाला. "म्हणजे तू वाचतीयस? माझ्या दाराची पट्टी, तू? जिनदत्ताची लेक?"

"लिफ्टच्या दारात दिसतंय."

"मग डोळे मीट!" म्हातारा गरजला, आणि लगेच त्याचा आवाज खाली आला. "पद्मजा, पोरी, हे बघ. दोघांत चार शब्द झाले असतील. मी दार उघडून आत गेलो तर जावयाचा पाणउतारा होईल. तो राग मग निघणार कुणावर? तिच्यावरच न्हवं?"

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांचे त्यांनाच ऐकू आले. त्यांचे हात धोतराच्या निऱ्यांशी चाळा करू लागले. पण ते वळले नाहीत.

पद्मजाच्या डोळ्यांपुढे मनगटापर्यंतच्या बाह्या उभ्या राहिल्या. चौकस शेजारी उभे राहिले. दंडाला धरलेला हात उभा राहिला. आणि सगळ्यांच्या मागून तो प्रश्न आला: आतलं बाहेर खरंच काही ऐकू येत नाही? गिऱ्हाइके तो खुशीने विचारतात. त्या मुलीने तो भीतीने विचारला होता, आणि तिला उत्तर म्हणून रीत मिळाली होती.

पट्टी काळी पडली. आणि या वेळी काळीच राहिली.

तीस वर्षांपूर्वी, पद्मजा कॉलेजात असताना, जिनदत्त एका बंद बंगल्यात घर दाखवायला गेले होते. त्यांना सडकून पडसे झाले होते. गिऱ्हाईक व्हरांड्यात चपला काढत होते आणि जिनदत्त अंधाऱ्या खोलीत दिव्याचे बटण चाचपत होते. पुढची वेळ कुबेर मगदुमांची होती. त्यांना फाटकातच गॅसचा वास आला. ते खाकरले नाहीत, 'या'ची वाट पाहिली नाही. धावत उंबरठा ओलांडून त्यांनी जिनदत्तांचा हात बटणावरून ओढून काढला. गिऱ्हाइकासमोर झालेल्या त्या अपमानाने जिनदत्त आधी त्यांच्या अंगावर ओरडले, आणि मग त्यांना कळले. त्या रात्री पानावर बसताना ते घरच्यांना म्हणाले होते, "मगदुमानं आज रीत मोडली म्हणून मला हा घास दिसतोय. एका उंबरठ्याचं देणं झालं आपल्या घराण्यावर. मी फेडलं नाही तर तुम्ही फेडा." मगदुमांनी स्वतः त्या गोष्टीचा उच्चार आजवर कधीच केला नव्हता.

"काका, तुमची वेळ संपली," पद्मजा म्हणाली. "तुमच्या चकतीनं आता दार उघडणार नाही. माझ्या उघडेल."

"मी 'या' म्हटलेलं न्हाई."

"तुम्हीही त्या दिवशी वाट पाहिली नव्हती."

मगदुमांनी तिच्याकडे पाहिले. काही क्षण त्यांना अर्थ लागला नाही. मग लागला, आणि ते एक पाऊल बाजूला सरले. पद्मजा वळली, दाराला चकती लावली आणि तिने उंबरठा ओलांडला.

दार उघडताच आतला आवाज तोडलेल्या बांधातल्या पाण्यासारखा बाहेर आला. तो पट्टी हिरवी करण्याइतकाही मोठा नव्हता. कोपऱ्यात बसलेल्या बाईचे ते दबलेले, धाप लागल्यासारखे रडणे होते. त्रिशला भिंतीशी मुटकुळे करून बसली होती आणि डाव्या हाताने उजवा हात छातीशी धरून होती. श्रेणिक तिच्यापुढे उभा होता. तो दचकला नाही. त्याने शर्टाची बाही खाली केली.

"तुम्ही? आमची भेट चालू असताना दुसरा एजंट आत कसा येतो?"

"रीत मोडून येतो. बाजूला व्हा."

"चाचणी घेत होतो हो," तो अगदी सहज म्हणाला. "बाहेर काही ऐकू आलं का? नाही ना? मग झालं. घर पसंत आहे आम्हाला."

पद्मजाने आयुष्यभर घरे विकली. घराला मिळालेली पसंती अशी कधी ऐकली नव्हती. ती त्याच्या आणि त्रिशलाच्या मध्ये जाऊन उभी राहिली. उंचीने ती त्याच्या खांद्याला लागत होती. "बाजूला व्हा म्हटलं ना?" तिने पुन्हा सांगितले, आणि त्या आवाजापुढे तो एक पाऊल मागे सरला.

ती खाली बसली. "त्रिशला, बाळ, हात दाखव."

"आक्का, मी तुम्हाला विचारलं होतं," त्रिशला म्हणाली.

"होय. विचारलं होतंस."

पद्मजाने तिचा उजवा हात अलगद आपल्या मांडीवर घेतला.

तेवढ्यात उंबऱ्यातून खाकरण्याचा आवाज आला. कुबेर मगदूम दाराबाहेर उभे होते. पट्टीकडे, लेकीकडे, तिच्या सुजत चाललेल्या मनगटाकडे ते पाहत होते, आणि आयुष्यभराच्या सवयीने त्यांचे पाय उंबऱ्यापाशी अडले होते. ते पुन्हा खाकरले.

त्रिशलाने मान वर केली. "या, अप्पा," ती म्हणाली. "या ना आत."

म्हातारा आत आला. त्याने खांद्यावरचा पंचा काढला, लेकीचा हात त्यात हळूच गुंडाळला आणि गाठ मारली. मग तो उठला.

"जावईबापू," मगदूम म्हणाले आणि थांबले. "श्रेणिक. खाली उतर."

लग्नापासून त्यांनी जावयाला कधी एकेरी हाक मारली नव्हती. श्रेणिक हसण्याचा प्रयत्न करीत म्हणाला, "मामा, हा आमच्या घरातला प्रश्न आहे."

"घर अजून तुला मिळालेलं न्हाई. हिथून पुढं तिच्याशी जे बोलायचं ते चार माणसांत, दार उघडं ठेवून. आधी दवाखाना, मग पोलीस ठाणं. उतर."

"मी मंडळाकडे तक्रार करीन या बाईंची," तो दारातून ओरडला. "हिची किल्ली जाईल."

"करा की," पद्मजा म्हणाली. "अध्यक्ष समोरच उभ्या आहेत." तिने चकती बोटांत धरली, तिच्या कडेवरची खूण दाबून ठेवली, आणि चकतीतला मंद उजेड विझला. "घ्या. गोठली. नियम सर्वांना सारखा."

तो जिन्याने निघून गेला. त्याची पावले बराच वेळ ऐकू येत होती, कारण दार उघडे होते.

"पोरी, हे काय केलंस?" मगदूम म्हणाले. "वर्षभर खाणार काय?"

"बघू. पणजोबांनी बैल विकले होते."

त्रिशलाला त्या अवस्थेतही हसू आले, आणि हसताना हात दुखून ती कळवळली. तिला आधार देत तिघे लिफ्टपर्यंत आले. पोलादी दारात तिघांची प्रतिबिंबे उमटली. मगदुमांनी पद्मजासमोर हात जोडले. तिने ते धरून खाली आणले.

"गॅसची गोष्ट जिनदत्तानं तुला सांगितली होती तर," ते म्हणाले.

"मरतानासुद्धा. म्हणाले, एका उंबरठ्याचं देणं आहे."

"फिटलं," म्हातारा म्हणाला. "पुरतं फिटलं. वर माझीच बाकी निघाली असेल. ती मी लेकीपाशी फेडीन."

लिफ्ट यायला वेळ होता. पद्मजा मागे वळली. त्या लांबलचक बोळात दोन्ही बाजूंना दारेच दारे होती, आणि प्रत्येकाच्या चौकटीवर एकेक पट्टी. बहुतेक काळ्या होत्या. दोन हिरव्या लुकलुकत होत्या. अगदी टोकाच्या दारावर पिवळी लाट चढत होती आणि ओसरत होती, हसणेच असावे. या मजल्यावर ती पूर्वी कितीदा तरी येऊन गेली होती, पण ही दारे तिने अशी समोरून कधी पाहिली नव्हती.

तिने फोन काढला आणि यास्मिन मुल्लाचा नंबर लावला. पलीकडून फोन उचलला गेला.

"यास्मिन, मी पद्मजा चौगुले. तुझी चकती आज संध्याकाळी घरी आणून देते," पद्मजा म्हणाली. आवाज तिचाच होता, पण सभेतला नव्हता. "आणि गेल्या महिन्यात मी जे ऐकून घेतलं नाही ते आता सांग. त्या दारावर तू काय पाहिलं होतंस? ते दार कुणाचं होतं?"